तीन रुपये पाच आणे

कुणाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद असतो, कुणाला काडेपेट्यांवरची चित्रं. आमच्या जुन्नरात एक गृहस्थ दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जमवतात. लग्नाला मात्र जात नाहीत, आहेर वाचतो म्हणून. मला डॉलरचे भाव जमवायचा नाद आहे. घाईनं गैरसमज करून घेऊ नका. डॉलर नव्हे, डॉलरचे भाव. डॉलर जमवले असते तर आमच्या घरात माझा भाव निराळा असता.

सुरुवात १९७५ सालची. मंचरच्या एका बँकेत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. त्या सप्टेंबरात रुपयाची इंग्लंडच्या पौंडाशी असलेली गाठ सुटली आणि तो अनेक देशांच्या चलनांच्या एका टोपलीशी बांधला गेला. रुपया टोपलीत बसला, ही बातमी मला भलतीच आवडली. टोपलीत बसलेले कांदे-बटाटे मी मंचरच्या बाजारात रोजच बघत होतो. त्यांचा भाव वर-खाली होतो तसा आता ह्याचाही होणार, एवढं मला कळलं. (पुढच्या पन्नास वर्षांत ह्याहून फार जास्त काही कळलं असं नाही.) घरात लाल पुठ्ठ्याची एक जाडजूड वही होती. तिच्या पुढच्या बाजूला आई दुधाचा दर बदलला की तारीख घालून लिहून ठेवायची. मी वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं डॉलर लिहायला घेतला. महिन्याच्या एक तारखेला पगार आणि डॉलर, दोन्हींची नोंद. पुण्याहून एस.टी.नं येणाऱ्या पेपरात त्या काळी शंभर रुपयांना किती डॉलर असा उलटा भाव असायचा, त्यामुळे भागाकार करावा लागे. साहेबांना वाटायचं, पोरगा व्याज काढतोय.

सबंध नोकरीत माझ्या हाताला एकही डॉलर लागला नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या शाखेत परकीय चलन म्हणजे खेड तालुक्यातून आलेली फाटकी नोट.

पण ह्या उद्योगाला परंपरा फार जुनी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान नावाचा क्षत्रप राजा इकडे राज्य करीत होता. त्याच्या अमात्याचा लेख आमच्या जुन्नरच्या मानमोडीच्या डोंगरात आहे आणि त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, नाशिकच्या पांडवलेण्यात. जावयानं दानाचा हिशेब कोरताना चोख लिहून ठेवलंय की सत्तर हजार चांदीचे कार्षापण म्हणजे दोन हजार सोन्याचे सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण ह्या दरानं. मी वहीत लिहितो, त्यानं दगडात कोरलं, एवढाच फरक. आणखी एक फरक आहे. ‘हाय हाय, आमचं कार्षापण पस्तिसावर घसरलं, कुठे नेऊन ठेवलं सासऱ्यांचं राज्य!’ असं त्यानं खाली कोरलेलं नाही.

ते कोरायचं काम आता आपण हाती घेतलंय.

झालं असं. गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी माझी आठवीतली नात वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करीत होती. भाषण मोबाइलवरून उतरवलेलं. मी पलीकडे चहा पीत होतो. तिनं हात उंचावून आरोळी दिली, “मित्रहो! १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता! आणि आज?” माझा चहा बशीतून धोतरावर आला. (धोतर मी नेसत नाही, पण लेंगा म्हटलं की धक्क्याचं गांभीर्य जातं.)

“कुणी सांगितलं तुला हे?”

“सगळ्यांनी. आजोबा, सगळ्या ग्रुपवर आहे.”

मंडळी, हे वाक्य तुमच्याकडेही आलेलं असणार. कदाचित तुम्ही ते पुढे पाठवलंही असेल. तेव्हा जरा बसा, हिशेब करू. सोपा आहे, माझ्या नातीला जमला. १९२७ पासून रुपयाचा कायदेशीर भाव होता एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स. पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस. अठरानं भागा : एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. १९४७ साली त्याच पौंडाला अमेरिकेत चार डॉलर तीन सेंट मिळत होते. पुन्हा भागा : एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे. आणि तेव्हा दशमान पैसे नव्हते, म्हणून त्या काळच्या भाषेत सांगायचं तर तीन रुपये पाच आणे. पुढचंही ऐका. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडनं पौंड उतरवला, त्याच्या शेपटाला बांधलेला आपला रुपयाही उतरला : ४ रुपये ७६ पैसे. ६ जून १९६६ ला आपण स्वतःहून उतरवला : साडेसात. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोन हप्त्यांनी एकविसाचा सव्वीसच्या आसपास गेला. १९९३ पासून भाव बाजारावर सोडला. २०१३ च्या ऑगस्टात अडुसष्टच्या वर, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदी पार. ह्यात एकास एक कुठेही नाही. बांधकामात सिमेंट-वाळूचं प्रमाण एकास एक कुणी ठेवत नाही, देशाभिमानात मात्र आपल्याला तेच लागतं.

ह्या निरोपात एक कारणही दिलेलं असतं. म्हणे, १९४७ साली देशावर परदेशी कर्ज नव्हतं, म्हणून रुपया आणि डॉलर बरोबरीत. वा! म्हणजे ज्याच्यावर कर्ज नाही त्याची उंची शेजाऱ्याएवढी होते! खरी गंमत पुढे आहे. कर्ज नव्हतं एवढंच नाही, उलट दुसऱ्या महायुद्धातल्या पुरवठ्यापोटी इंग्लंडच आपलं सुमारे ११६ कोटी पौंड देणं लागत होतं. आपण सावकार होतो! आणि तरीही डॉलर तीन रुपये पाच आणेच होता. भाव कर्जाच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

नातीनं वाक्य बदललं. दुसऱ्या दिवशी तिनं खणखणीत सांगितलं, “१९४७ साली एक डॉलर तीन रुपये पाच आण्यांना मिळत होता.” टाळ्या आल्या नाहीत. आण्यावर कोण टाळ्या देणार? मग अध्यक्ष उठले. त्यांनी आरंभालाच, “एक काळ असा होता, बंधूंनो, एक रुपया बरोबर एक डॉलर!” अशी तोफ डागली आणि सबंध मैदान कडाडलं. माझ्या नातीला तिसरा नंबर मिळाला. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता : ‘सादरीकरण उत्तम, माहिती तपासावी.’

घरी येताना रस्त्यात तिनं विचारलं, “आजोबा, तीन रुपये पाच आणे खरं होतं ना?”

“हो.”

“मग माझा नंबर का गेला?”

पन्नास वर्षांची वही आहे माझ्याकडे. पण खऱ्याचा त्या दिवशीचा भाव तिच्यात नव्हता.

तेव्हापासून मी भांडतो आहे. केस कापताना भांडतो, पतसंस्थेच्या ओट्यावर भांडतो, शिवनेरीच्या वाटेवर सकाळी फिरायला येणाऱ्या निरुपद्रवी पेन्शनरांशी भांडतो. हल्ली मला बघून ते हत्तीदरवाजापर्यंत न थांबता चढतात. त्यांची प्रकृती सुधारली असं ऐकतो. आणि लोकांचं म्हणणं काय? “अहो, आकडा चुकला असेल, पण भावना खरी आहे ना? रुपया पडतो म्हणजे देशाची इज्जत पडते!”

माझं भांडण आकड्याशी नाही. ह्या इज्जतीशीच आहे. रुपया हा भाव आहे, गुण नव्हे. नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. तेव्हा टोमॅटोची इज्जत वाढली होती का? पिकवणाऱ्यानं गुलाल उधळला, खाणाऱ्यानं आमटीत चिंच घातली. त्याच टोमॅटोला भाव नसतो तेव्हा तो रस्त्याकडेला ओततात, आणि तेव्हा खाणारा म्हणतो, स्वस्ताई आली. भाव चढला की कुणाचा तरी फायदा आणि कुणाचा तरी तोटा. दोघंही ह्याच देशातले.

दूर कशाला, आमचे मेव्हणे घ्या. नारायणगावजवळ त्यांची द्राक्षबाग आहे, माल बाहेरदेशी जातो. फेब्रुवारी आला की ते रोज सकाळी मला फोन करतात, “भावोजी, पडला का रुपया?” पडला म्हटलं की त्यांचा आवाज द्राक्षासारखा गोड होतो. पण त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकतो. ऑगस्टात त्याची फी भरायची असते. जुलैत पुन्हा फोन, “भावोजी, सावरतोय की नाही हा रुपया? सरकार काय झोपलंय का?” मधल्या काळात बागेला पोटॅश घालायचं असतं. पोटॅश सगळं परदेशातून येतं, तेव्हा त्या आठवड्यापुरता रुपया भक्कम हवा. पोरगा शिकून नोकरीला लागला आणि घरी पैसे पाठवायला लागला की पुन्हा पडलेला बरा. एकाच माणसाच्या एका वर्षात देशाची इज्जत चार वेळा खाली-वर होते! परवा मी त्यांना विचारलं, “नक्की काय पाहिजे तुम्हाला?” ते म्हणाले, “विकताना पडावा आणि घेताना चढावा.” इतकं स्वच्छ अर्थशास्त्र मी दुसऱ्या कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

बरं, भक्कम रुपया म्हणजे देशाचा मान असेल, तर तो मान राखायची सगळ्यात जास्त काळजी कुणी केली, ठाऊक आहे? लंडननं. गोऱ्या साहेबांच्या पेन्शनी आणि कर्जांवरचं व्याज रुपयांत गोळा करून पौंडांत पाठवायचं असे. रुपया जितका भारी, तितके कमी रुपये लागत. म्हणून १९२७ साली एक शिलिंग सहा पेन्सचा चढा भाव कायद्यानं बसवला. पुरुषोत्तमदास ठाकूरदास आणि मुंबईचे व्यापारी ओरडत होते की एक शिलिंग चार पेन्सच ठेवा, चढ्या भावानं आमचा माल परदेशात महागतो आणि शेतकरी मरतो. तिकडे डॉ. आंबेडकरांनी १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे शाही आयोगापुढे साक्षही दिली. भाव उतरला तर व्यापाऱ्याला लाभ होतो, पण तो मजुरीवर जगणाऱ्याच्या ताटातून येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पाहा, मतं दोन टोकांची, पण दोन्ही बाजू विचारीत होत्या की कुणाचा फायदा, कुणाचा तोटा. इज्जत हा शब्द मधे आणला तर हा प्रश्नच विचारता येत नाही. मला वाटतं, त्यासाठीच तो आणतात.

आता एक कबुली देतो, कारण मी प्रामाणिक कारकून आहे. रुपया डॉलरच्या बरोबरीला, नव्हे वरचढ होता, असा एक काळ मला खरोखरच सापडला आहे. पण तो १९४७ नव्हे, १८६४. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती आणि तिथल्या सरकारनं, मागे सोनं नसलेल्या हिरव्या नोटा धडाधड छापल्या होत्या. त्या उन्हाळ्यात सोन्याचा एक डॉलर घ्यायला अडीचहून अधिक हिरवे डॉलर पडत. आपला रुपया होता दोन शिलिंगांचा, म्हणजे सोन्याच्या डॉलरचा जवळजवळ अर्धा. अर्ध्याला अडीचनं गुणा : एक रुपया बरोबर सव्वा डॉलर! शिवाय अमेरिकेचा कापूस बंद पडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता, आणि मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडत होता. घ्या तुमचा सुवर्णकाळ!

पुढे काय झालं? १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला. मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. दख्खनच्या शेतकऱ्याला भरभराटीत सावकारानं मोकळ्या हातानं कर्ज दिलं होतं. भाव गेले, कर्ज राहिलं, वर शेतसारा वाढला. मे १८७५ मध्ये ह्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. रुपया सव्वा डॉलर होता त्याला तेव्हा पुरती अकरा वर्षंही झाली नव्हती. रुपयाची इज्जत होती, कुणब्याची नव्हती.

उलट बाजूही बघा. जपानचे येन १९४९ ते १९७१ एका डॉलरला तीनशे साठ मिळत. त्याच काळात त्यांनी जगभर रेडिओ आणि मोटारी विकल्या. एका कुवेती दिनाराला आज तीनहून जास्त डॉलर मिळतात. म्हणून कुणी कुवेतला अमेरिकेची तिप्पट महासत्ता म्हणत नाही.

तर मग रुपया पडला तरी चालेल काय? नाही हो! मी तसं कुठे म्हणालो? ताप आला तर काळजी करावी, पण थर्मामीटरची इज्जत गेली म्हणून रडू नये. आपल्याकडची महागाई वर्षानुवर्षं त्यांच्याहून जोरात धावली, तेलापासून पोटॅशपर्यंत बाहेरून घ्यायचं जास्त आणि विकायचं कमी, म्हणून डॉलर चढत गेला. बोलायचं तर त्यावर बोला. ते अवघड आहे. ‘एक रुपया बरोबर एक डॉलर’ सोपं आहे. त्यात आपलं काही चुकलं नाही, कुणीतरी आपलं काही पळवलं, एवढंच निघतं.

मुख्य म्हणजे हे शहाणपण आम्हाला बाहेरून आणायचं कारण नाही. ज्या शिवनेरीच्या पायथ्याशी मी हे लिहितो आहे, तिथे जन्मलेल्या राजानं ते साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहासाठी आला. मुंबईचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं, असं एक कलम त्यांना हवं होतं. उत्तराचा मथितार्थ असा : नाणं कसाला आणि वजनाला उतरलं तर आपोआप चालेल, आमची मनाई नाही, पण रयतेला ज्यात नुकसान येईल ते नाणं घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. इज्जतीचं नाव नाही. आधी कस, मग रयत. रायगडावर परकी वकील समोर उभा असताना ज्यांना मानापमान सुचला नाही, त्यांच्या नावानं घोषणा देत आम्ही मोबाइलवर नाण्याचा मानापमान खेळतो!

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आमच्या घरात हल्ली ती एकटीच ऐकते. मग म्हणाली, “वही दाखवा.” मी अभिमानानं मागच्या बाजूनं उघडून दिली. पन्नास वर्षांचे डॉलर, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. तिनं थोडी पानं उलटली, मग वही फिरवली आणि पुढच्या बाजूनं उघडली. तिथे माझ्या आईचं अक्षर : दुधाचा दर, तारीख; पुढे आमच्या हिचं. पिशवीचं दूध यायला लागलं तेव्हापासून ती बाजू कोरी. पन्नास वर्षं मी उलट्या बाजूनं लिहीत आलो, पण सुलट बाजू एकदाही वाचली नव्हती.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा पगारात किती लिटर दूध यायचं? आणि आता आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या पगारात किती येतं?”

मी चष्मा पुसायला घेतला. उत्तर काढायला वेळ लागतो तेव्हा मी चष्मा पुसतो.

तिनं पेन घेतलं, दुधाच्या बाजूला त्या दिवशीची तारीख घातली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडली, “आजी, पिशवी कितीला आली?”

आतून भाव आला. आणि त्यापाठोपाठ, “कुणीतरी विचारलं बाई एकदाचं!”